दार अडवून उभी असलेली आई

गेल्या श्रावणातली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. सकाळच्या डब्यासाठी मटकी उपसून ठेवली, गॅसचा कॉक बंद केला आणि वळले, तर हॉलमधून निळा उजेड आणि हुंदका, दोन्ही एकदमच आले. आमच्या वन बीएचकेत लेकीची खोली म्हणजे हॉलमधला दिवाण.

खरं सांगू? आधी मनात आलं, 'लॅपटॉप अजून चालूच!' पोरगी रडते का आहे, हे नंतर आलं.

"काय झालं गं?"

"आई, मी तिला मारलं. मला मारायचं नव्हतं."

पोटात गोळाच आला. कुणाला मारलं? शाळेत काही झालं का? मग कळलं, गेममधली एक बकरी होती. म्हणजे दोन पायांवर चालणारी, झगा घातलेली, बकरीच्या तोंडाची एक बाई. मला इतकं हायसं वाटलं की मी चक्क हसले. वर म्हणाले, "अगं, खोटं असतं ते. झोप आता, सकाळी हाका मारत बसणार नाही हं मी."

तिने लॅपटॉप मिटला आणि भिंतीकडे तोंड केलं.

हे 'खोटं असतं ते' आपण सगळेच म्हणतो. आणि मालिकेतल्या सुनेला घराबाहेर काढलं की आपणच तव्यावरची पोळी करपेपर्यंत टीव्हीसमोर उभे असतो!

दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये मैत्रिणीला हे सांगितलं. चौथ्या सीटवर अर्धीमुर्धी टेकून ती म्हणाली, "तुझी निदान रडते तरी. माझा पोरगा हेडफोन लावून बसतो. विचारलं की म्हणतो, तुला नाही कळणार." मग दोघी सुरूच झालो. किती तास खेळतात, डोळ्यांचं काय, पुढे दहावीचं काय. दिवा गेलं, मुंब्रा गेलं, कळवा गेलं. ठाण्याला उतरताना लक्षात आलं, मुलं किती खेळतात यावर आपण पाऊण प्रवास घालवला, काय खेळतात यावर एक शब्द काढला नाही. दोघींनाही माहीतच नव्हतं, तर काढणार कुठून?

रविवारी जेवणं उरकल्यावर मी दिवाणावर तिच्या शेजारी जाऊन बसले. बोलायला काही सुचेना, म्हणून विचारलं, "ती बकरी कोण होती गं?"

तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं. हिला खरंच ऐकायचंय, की शेवटी अभ्यासावर येणार? मग सांगायला लागली आणि चाळीस मिनिटं थांबली नाही. सातवीतली मुलगी माझ्याशी एका दमात चाळीस मिनिटं बोलली, याला किती दिवस झाले होते कोण जाणे.

तर, गेमचं नाव 'अंडरटेल'. टोबी फॉक्स नावाच्या अमेरिकन तरुणाने जवळजवळ एकट्याने केलेला, संगीतही त्याचंच. २०१५मध्ये आला. दिसायला आपल्या लहानपणीच्या टीव्ही गेमसारखा, ठोकळ्याठोकळ्यांचा. अशा खेळांना रोल-प्लेइंग म्हणतात, मुलं नुसतं आरपीजी म्हणतात. एका पात्राच्या अंगात शिरायचं आणि त्याची गोष्ट पुढे न्यायची. कुणाशी काय बोलायचं, कुणाला सोडायचं, कुणाशी लढायचं, हे बरंचसं आपण ठरवायचं.

यात एक मूल डोंगरातल्या खड्ड्यातून जमिनीखालच्या जगात पडतं. तिथे राक्षस राहतात. फार पूर्वी माणसांनी युद्धात हरवून त्यांना खाली कोंडलेलं आहे. या मुलाला पहिल्यांदा जीव लावते ती टोरिएल, म्हणजे आमची बकरी. ती हात धरून वाट दाखवते, मुलाला एक मोबाइल देते आणि मग सारखे फोन करते. एक फोन तर एवढंच विचारायला, की तुला दालचिनी आवडते की बटरस्कॉच? कारण ती 'पाय' नावाचा गोड पदार्थ करते आहे. शेवटी दोन्ही घालते.

"आणि आई, आपण तिला फोन करून 'आई' म्हणू शकतो. तसा ऑप्शनच आहे. मी म्हटलं होतं."

इथे मला आत जरा तुटल्यासारखं झालं, कबूल करते.

पण मुलाला घरी परत जायचं असतं. टोरिएल जाऊ देत नाही. आधी विषय बदलते, मग तळघरात जाऊन बाहेरच्या दारासमोर उभी राहते. जायचं असेल तर माझ्याशी लढ, म्हणते. लढताना तिच्या हातून आगीचे गोळे सुटतात. आणि लेकीने मला हे दोनदा सांगितलं: आपलं लाइफ अगदी कमी झालं की ते गोळे आपल्याला चुकवून बाजूने जायला लागतात. आई आग फेकते आहे, पण लेकराला लागू नये म्हणून बाजूला फेकते आहे.

मी म्हटलं, "म्हणजे उलटी हिरकणी. तिला बाळाकडे जायचं होतं आणि गडाचे दरवाजे बंद होते. इथे आईनेच दार अडवलंय."

"हो ना! पण ती वाईट नाहीये. तिच्याकडून आधी जी मुलं बाहेर गेली ना, ती सगळी मेली."

आता खरी गंमत ऐका. या गेममध्ये कुणालाही न मारता शेवटपर्यंत जाता येतं. दयेचं एक बटण असतं. टोरिएलसमोर ते पुन्हा पुन्हा दाबत राहायचं, ती हल्ले करत राहिली तरी. खूप वेळाने ती थकते, मुलाला मिठी मारते आणि वाट मोकळी करते. लेकीला हे माहीत नव्हतं. तिला वाटलं, थोडं लढलं की ती आपोआप हटेल. बरेच वार केले आणि शेवटच्या वारात ती एकदम कोसळलीच.

मग हिने काय करावं? सेव्ह न करता गेम बंद केला, परत सुरू केला आणि या वेळी तिला वाचवलं. सुटले, असं वाटतंय तोच पुढच्या दारात एक पिवळं फूल, त्याचं नाव फ्लॉवी, तिला सांगतं की तू आधी काय केलंस ते मला ठाऊक आहे. तू तिला मारलं होतंस, मग वाईट वाटलं म्हणून मागे आलीस.

त्या रात्रीचा हुंदका होता तो. बकरी मेली म्हणून नव्हे, कारण ती तोवर जिवंत झाली होती. चूक पुसली तरी कुणीतरी पाहिली होती, म्हणून.

गोष्टीच्या पुस्तकात खलनायकाने कुणाला मारलं की आपण खलनायकावर चिडतो. इथे बटण हिच्या बोटाखाली होतं. बारा वर्षांची मुलगी मध्यरात्री पश्चात्तापाने रडत होती आणि मी तिला मटकीच्या घाईत सांगितलं, खोटं असतं ते.

आमच्या धाकट्या दिराला हे सांगितलं. तो ऐरोलीला आयटीत आहे, चाळिशीला आलाय. तो म्हणाला, "वहिनी, मी कॉलेजात 'फायनल फँटसी ७' खेळताना रडलो होतो." १९९७चा जपानी गेम. त्यात एरिथ नावाची फुलं विकणारी मुलगी आपल्याबरोबर प्रवास करत असते आणि गोष्ट ऐन रंगात आलेली असताना मारली जाते. काहीही केलं तरी परत येत नाही. इतकी वर्षं हा आमच्याकडे दिवाळीला जेवायला येतोय, हे कधी बोलला नव्हता. कुणी विचारलंच नव्हतं ना.

गोष्टींत बुडणं काही नवं नाही. माझे वडील कल्याणचे. सार्वजनिक वाचनालयातून बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडच्या रहस्यकथा आणायचे आणि गणिताच्या पुस्तकात घालून वाचायचे. आजोबांचं मत होतं, पोरगं वाया जाणार. हे सगळं आठवतं, पटतं, आणि तरी रात्री स्क्रीनचा उजेड दिसला की माझं डोकं फिरतंच. पुस्तक निदान संपायचं तरी.

म्हणून सांगते, मी काही सुधारलेली आई नाही. दोन-तीन गोष्टी मात्र जमल्या.

पहिली म्हणजे 'आत्ताच्या आत्ता बंद कर' म्हणणं कमी केलं. या खेळांत बऱ्याचदा ठरावीक जागीच सेव्ह करता येतं. 'अंडरटेल'मध्ये पिवळा तारा असतो. मधेच बंद केलं तर अर्ध्या तासाची मेहनत पाण्यात जाते, आणि मग मूल जे किंचाळतं त्याला आपण व्यसन म्हणतो. आपली कढी उतू जाताना कुणी गॅसपासून ओढून नेलं तर आपणही किंचाळू. आता मी म्हणते, "पुढचा तारा आला की बंद." ती बंद करते. म्हणजे बहुतेक वेळा करते. कधी कधी तो तारा चमत्कारिकरीत्या फार लांब असतो.

दुसरी, सगळे गेम एका माळेत ओवणं सोडलं. २०२५च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'गेम बंद झाले एकदाचे' म्हणून हात जोडलेल्या बाहुल्यांचा पाऊस पडला. मुलं हसत होती. तो कायदा पैशांच्या डावांसाठी आहे, गोष्टींच्या गेमसाठी नाही. पण गोष्टींच्या काही फुकट गेममध्येही एक मेख असते. आवडतं पात्र मिळवायला सोडत काढायची, आणि सोडतीला पैसे. तिथे माझा फोन आणि त्यातलं यूपीआय मुलीच्या हाती जात नाही, यावर वाद नाही. प्ले स्टोअरवर गेमच्या नावाखाली वयाचा आकडा असतो, ७+, १२+, १६+ असा. तो बघायला पाच सेकंद लागतात. मी कित्येक वर्षं बघितला नव्हता.

तिसरी गोष्ट ऐकण्याची. रोज चाळीस मिनिटं कुठून आणायची? नाही आणता येत. आठ वाजता घरी आलं की पायातली चप्पल काढायचंही बळ नसतं. पण मेथी निवडताना कान मोकळेच असतात. रिक्षाच्या रांगेत तर वेळच वेळ असतो. "मग पुढे काय झालं तिचं?" एवढं पुरतं. उत्तरादाखल 'गणितात किती मिळाले' एवढं मात्र काढायचं नाही. मी एकदा काढलं. पुढचे चार दिवस मला फक्त 'काही नाही' मिळालं.

एका रविवारी आम्ही दोघींनी मिळून 'राजी' नावाचा गेम बघितला. तो पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींचा, २०२०चा. खरं तर तो आरपीजी नव्हे, मारामारीच जास्त. पण राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधत निघालेली ती एकटी बहीण, बाहुल्यांच्या सावल्यांच्या खेळासारखी उलगडणारी गोष्ट, आणि तिच्याबद्दल आपसांत बोलणारे विष्णू आणि दुर्गा! मला आपल्या घरातलं काहीतरी भेटल्यासारखं वाटलं. भावाचं नाव गोलू आहे म्हणून आम्ही उगाचच हसलो. जेवणाची भांडी तशीच पडली होती, त्याबद्दल नवऱ्याने काही म्हटलं नाही, हेही नमूद करते.

मूल जेवण टाळायला लागलं, झोप उडाली, मित्र सुटले, तर ती गोष्ट वेगळी. तेव्हा शाळेतल्या समुपदेशकांशी किंवा डॉक्टरांशी बोलायलाच हवं. मी बोलते आहे ते आपल्यासारख्या साध्या, दमलेल्या घरांबद्दल.

टोरिएलने मला मात्र पकडलंच होतं. कारण त्याच महिन्यात आमच्या घरी एक वाद चालू होता. लेकीची मैत्रीण स्टेशनच्या पश्चिमेला, विष्णूनगरात राहते. आम्ही पूर्वेला. मधला रेल्वेचा पूल ओलांडून एकटीने जायचं, असं तिचं म्हणणं. माझं उत्तर ठरलेलं, 'पुढच्या वर्षी बघू.' पुलावरची गर्दी, खालच्या रिक्षा, धक्काबुक्की, सगळी कारणं खरी होती. टोरिएलचीही खरीच होती की. मी विषय बदलायचे, खाऊ पुढे करायचे. तळघर नव्हतं, एवढाच फरक.

लेकीने टोरिएलवरून मला कधी टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं, मी चिडले तरी असते.

शेवटी गौरी-गणपतीनंतरच्या रविवारी म्हटलं, जा. पोचलीस की तू फोन कर, मी करणार नाही. तिने केस दोनदा बांधले, छत्री घेतली आणि निघाली. मी गॅलरीतून कोपऱ्यापर्यंत पाहिलं. मग काहीतरी करायचं म्हणून रवा भाजायला घेतला. रवा खमंग झाला, पाणी उकळलं, घड्याळात तेरा मिनिटं झाली. फोन नाही. चौदा.

मी फोन लावला.

"काय गं आई?" मागे रेल्वेची घोषणा ऐकू येत होती. म्हणजे पुलावरच होती.

"काही नाही. शिरा करतेय. वेलची घालू की जायफळ?"

पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग ती एवढी हसली की पुलावरच्या लोकांनी वळून पाहिलं असणार.

"दोन्ही," म्हणाली, आणि फोन ठेवला.