हात न लावता डॉक्टर तपासतात कसे?

प्रश्न : आता उपकेंद्रात बसून व्हिडिओवर तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला मिळतो. पण अंगाला हात न लावता त्यांना दुखणे कळते कसे?
– एक वाचक, पुलगाव

उत्तर : हात लागतो, फक्त तो तज्ज्ञांचा नसतो. केंद्र सरकारची ‘ई-संजीवनी’ सेवा नोव्हेंबर 2019 मध्ये सुरू झाली. तिच्यात उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाजवळ असतात. रक्तदाब, ताप, साखर मोजून ते आकडे कळवतात आणि डॉक्टर विचारतील ते पाहून सांगतात. त्यामुळे तपासणी किती नेटकी होणार, हे कॅमेऱ्यापेक्षा या जवळच्या माणसावर जास्त अवलंबून असते. 13 एप्रिल 2020 पासून, टाळेबंदीत, घरून मोबाइलवर दाखवायचीही सोय झाली. तिथे मात्र हा मदतनीस नसतो.

कल्पना तशी जुनी. हॉलंडमधल्या लायडन शहरात आइन्टोव्हेन या शास्त्रज्ञांचे हृदयाचा आलेख काढणारे यंत्र इतके अवजड होते, की ते रुग्णालयात हलवणे शक्य नव्हते. म्हणून 1905 मध्ये त्यांनी दीड किलोमीटरवरच्या रुग्णांच्या हृदयाचे संकेत टेलिफोनच्या तारेने प्रयोगशाळेत आणले.

मग व्हिडिओवर काय दाखवावे? त्वचेवरचे चट्टे, उदासी किंवा झोपेच्या तक्रारी, थायरॉइडचे रिपोर्ट, बीपीच्या गोळ्यांचा डोस. इथे बघणे, ऐकणे आणि विचारणे यांवर बरेच भागते. पोटातली गाठ किंवा दुखरी जागा मात्र चाचपूनच कळते. 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार डॉक्टर केव्हाही ‘प्रत्यक्ष या’ असे सांगू शकतात, आणि नशा आणणारी औषधे अशा सल्ल्यावर लिहून देता येत नाहीत. मिळालेल्या चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे ना, तेवढे पाहावे.

जाताना जुन्या चिठ्ठ्या, रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटे न्यावीत. चट्टा दाखवायचा तर उजेडाकडे तोंड करून बसावे. नुसते रिपोर्ट दाखवायला सेवाग्राम किंवा सावंगीच्या रुग्णालयात जायची खेप अशाने वाचू शकते. छातीत कळ आली, श्वास लागला किंवा तोंड वाकडे झाले, तर मात्र व्हिडिओच्या नादी लागू नये. सरळ 108 ला फोन करावा.