बंदीच्या आधी आऊटबोर्डची निगा

१ जून ते ३१ जुलै या काळात राज्याच्या सागरी हद्दीत यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. होड्या वर ओढल्या जातात, जाळी घरी येतात. इंजिन मात्र ताडपत्रीखाली तसेच पडून राहते. आऊटबोर्ड चालून बिघडत नाही तेवढे असे पडून बिघडते. आत राहिलेल्या खाऱ्या पाण्याचे मीठ धरते, कार्बोरेटरमधले पेट्रोल चिकट होते आणि ऑगस्टमध्ये दोरी ओढून हात भरून येतात. म्हणून मेअखेरीस पुढील कामे उरकून घ्यावीत.

गोड्या पाण्यावर चालवणे
पिंपात गोडे पाणी भरून त्यात इंजिन उभे करावे. पाणी आत घेणारी जाळी आणि पंख्यावरची आडवी पट्टी पूर्ण बुडाली पाहिजे. न्यूट्रलमध्ये, मंद गतीवर १० ते १५ मिनिटे चालवावे. थर्मोस्टॅट असलेले इंजिन तापल्यावरच पाणी सिलिंडरभोवती नीट फिरते. दोन मिनिटांत बंद केल्यास मीठ आतच राहते. पाण्याबाहेर क्षणभरही चालवू नये, पंपातला रबरी इम्पेलर जळतो.

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या बारीक धारेकडे लक्ष ठेवावे. धार क्षीण असेल तर इंजिन बंद करून भोकात जाड तंगूस घालून साफ करावे. तरीही फरक पडला नाही तर इम्पेलर बदलावा. त्याचे पाते तुटलेले आढळल्यास तुकडा शोधून काढावा, नाहीतर तो पुढे पाण्याची वाट अडवतो.

पेट्रोल आणि सिलिंडर
पिंपात असतानाच टाकीची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडू द्यावे. मग कार्बोरेटरच्या वाटीचा स्क्रू उघडून उरलेले पेट्रोल निथळावे. आजच्या पेट्रोलमधले इथेनॉल हवेतला ओलावा ओढते, त्यामुळे पावसाळाभर टाकीत मिश्रण साठवू नये. हंगामाच्या तोंडावर ताजे मिश्रण करावे. अनेक टू-स्ट्रोक इंजिनांना १ लिटरला २० मिली ऑइल लागते, पण आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेतले प्रमाणच पाळावे. ऑइल आऊटबोर्डसाठीचे, टीसी-डब्ल्यू३ दर्जाचे असावे.

इंजिन थंड झाल्यावर सेफ्टी दोरीची क्लिप काढावी. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडावे, दोरी तीन-चार वेळा हळू ओढून प्लग परत बसवावा.

गिअर ऑइल
हे काम ऑगस्टवर ढकलू नये. खालचा स्क्रू काढून भांडे धरावे, मग वरचा काढावा. ऑइल चहासारखे दुधाळ निघाले तर सीलमधून पाणी शिरले आहे. ते दोन महिने आत राहिले की बेअरिंग गंजतात. सील बदलून नवे ऑइल खालच्या भोकातून भरावे, वरून बाहेर येईपर्यंत. आधी वरचा, मग खालचा स्क्रू लावावा. वॉशर नवे घालावेत.

पंखा आणि झिंक
पंखा उतरवून मागचा भाग पाहावा. तिथे गुंडाळलेला तंगूस सील कापतो, म्हणून तो बारकाईने काढावा. दांड्याला ग्रीस लावावे. झिंक निम्मे झिजले असेल तर बदलावे. त्यावर रंग कधीही देऊ नये: इंजिनाऐवजी त्याने झिजावे यासाठीच ते बसवलेले असते.

ठेवण्याची जागा
इंजिन स्टँडवर उभे ठेवावे, म्हणजे उरलेले पाणी निथळते. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नये, आत दमट हवा कोंडते. टाकी चुलीपासून आणि देवघरातल्या दिव्यापासून लांब ठेवावी.

पावसाळ्यातही होडी चालवणाऱ्यांनी
खाडीत पिंजऱ्यात जिताडा वाढवणारे किंवा धरणात मत्स्यपालन करणारे यांचे इंजिन बंद नसते. पुराच्या पाण्यातला पालापाचोळा आणि प्लास्टिक जाळीला चिकटते, म्हणून पाण्याची धार सतत पाहावी. ती थांबताच इंजिन बंद करावे. खाडीतून परतल्यावर रोज गोड्या पाण्याने धुवावे. सेफ्टी दोरी मनगटाला, लाइफ जॅकेट अंगावर; सोबत जादा प्लग, पंख्याची शिअर पिन, पाना आणि वल्ही असलीच पाहिजेत.

बंदी उठण्याच्या निदान आठवडाभर आधी ताज्या पेट्रोलवर, पिंपात इंजिन चालवून पाहावे. एखादा भाग बदलायचा निघालाच तर तो मागवायला वेळ हाताशी राहतो.