चाचणीची भीती

उत्तर प्रदेशात आशा कार्यकर्तीला ‘आशा बहू’ म्हणतात. ती बहुधा गावचीच सून असते. मे २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, वाराणसीच्या आसपासच्या खेड्यांतही ती घरोघरी ताप-खोकल्याचे रुग्ण शोधत होती.

नाकात कांडी घालण्याचा त्रास क्षणभराचा. खरी भीती अहवालाची होती. रुग्ण ठरल्यास मजुरी बुडे, शेजारी दुरावत. अँटिजेन चाचणीचा निकाल अर्ध्या तासात कळे. मात्र नमुन्यात विषाणू थोडे असल्यास ही चाचणी चुकू शकते. म्हणून लक्षणे असूनही दोष न आढळल्यास आरटी-पीसीआर चाचणी आवश्यक असे. एकदा सुटका झाल्यावर पुन्हा नमुना कशासाठी, हे घरच्यांना पटवणे फार अवघड. या कामाला नियमित वेतन नव्हते. आणि सायंकाळी तिलाही आपल्या मुलांत परतायचे असे.