राजांची जोडी : एका हरलेल्या डावाचा अभ्यास

"पत्त्यांवर लेख? आणि तोही वार्षिकांकात?" विषय ऐकून मैत्रीण हसली. तिचे हसणे रास्तच होते. आमच्या घरी तर मुलींनी पत्त्यांना हात लावायचा नाही असाच दंडक आहे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री पुरुषमंडळी ओसरीवर बसतात आणि आम्ही आतून चहा पाठवतो. तरीही हा विषय मी मुद्दाम घेतला, त्याला कारण आहे.

दोन वर्षांपूर्वी मी बारावीत असताना त्याच ओसरीवर आबा, म्हणजे माझे वडील, एका डावात सहा हजार रुपये हरले. सोयाबीनचे पैसे नुकतेच आले होते. त्यांतले हे सहा हजार पुढच्या जूनमधल्या माझ्या प्रवेशासाठी बाजूला काढले होते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे ते सहा हजार म्हणजे काय, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. आईने रब्बीभर दुसऱ्यांच्या रानात मजुरी करून ते परत उभे केले. आबा मात्र एवढेच म्हणत, "राजांची जोडी होती. हरायचा हात न्हवता. नशीब दुसरं काय?"

यंदा द्वितीय वर्षाला संख्याशास्त्राच्या पेपरात संभाव्यतेचे प्रकरण आले. सरांनी फळ्यावर फासे आणि पत्ते काढले. पाहताक्षणी माझ्या मनात आले, हरायचा हात नव्हता म्हणजे नेमके किती नव्हता?

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तीन पत्तीत प्रत्येकाला तीन पाने मिळतात. सर्वांत वरचा हात ट्रेल, म्हणजे तीन सारखी पाने. त्याखाली एकाच रंगाचा सिक्वेन्स, मग साधा सिक्वेन्स, मग कलर, मग जोडी आणि सर्वांत शेवटी नुसते मोठे पान. न बघता खेळणारा जेवढे टाकतो त्याच्या दुप्पट बघून खेळणाऱ्याला टाकावे लागतात. शेवटी दोघे उरले की ‘शो’ मागता येतो. त्याआधी हवे तर शेजारच्याला, तोही बघून खेळत असेल तर, ‘साइड शो’ विचारायचा. दोघांनी एकमेकांची पाने गुपचूप पाहायची आणि हरणाऱ्याने पाने टाकायची. गावोगाव नियमांत थोडा फरक असतो. आमच्याकडे असे आहे.

बावन्न पानांतून तीन पाने २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यांत ट्रेल ५२, एकरंगी सिक्वेन्स ४८, साधे सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६, जोड्या ३,७४४ आणि उरलेले १६,४४० हात काहीच नसलेले. म्हणजे चारांतले जवळजवळ तीन हात रिकामे! हे पाहिले की जोडी आल्यावर माणसाची छाती का फुगते ते कळते. राजांची जोडी तर जोड्यांतही दुसऱ्या क्रमांकाची, वर फक्त एक्के.

आबांच्या हातात इस्पिकचा राजा, बदामचा राजा आणि चौकटची पंजी होती. पाने त्यांना आजही तोंडपाठ आहेत. ही तीन वगळून उरलेल्या ४९ पानांतून समोरच्याला १८,४२४ प्रकारचे हात येऊ शकतात. त्यांतले किती हात आबांच्या वरचे, हे मी दोन रात्री बसून मोजले : ट्रेल ४५, एकरंगी सिक्वेन्स ४१, साधे सिक्वेन्स ६१५, कलर ९०५, एक्क्यांच्या जोड्या २७० आणि उरलेल्या दोन राजांबरोबर पंजीपेक्षा मोठे पान असलेले ३२. बेरीज १,९०८, म्हणजे शेकडा दहाच्या किंचित वर. पहिल्या रात्री ही बेरीज चुकली होती, कारण राजे आधीच आबांच्या हातात असल्याने राजाचे सिक्वेन्स कमी होतात हे मी विसरले होते.

तर समोर एकच माणूस असेल तर शंभरांत नव्वद वेळा आबाच वरचढ. इथपर्यंत आबांचे म्हणणे बरोबर आहे. पण ओसरीवर एक माणूस नव्हता. आबा धरून सहा जण होते.

प्रत्येक माणूस म्हणजे धोक्याची एक नवी चिठ्ठी. दोघे समोर असतील तर दोघेही खाली असण्याची शक्यता सुमारे ८०, तिघे असतील तर ७२, चौघे ६५, पाच जण ५८. सात जणांसमोर ती ४६ वर येते. (एकाच्या हातातले पान दुसऱ्याकडे नसते, म्हणून हे आकडे अगदी काटेकोर नाहीत, पण फरक अल्प आहे.) पाने तीच, राजे तेच, केवळ पंगत वाढली की नव्वदाचे शेचाळीस होतात. आबा हाताकडे पाहत होते, पंगतीकडे नाही.

हीच गोष्ट पोकर या अमेरिकेत वाढलेल्या खेळातही आहे. टेक्सास होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला दोन पाने मिळतात आणि पाच पाने मध्ये सर्वांसाठी उघडतात. तिथे दोन एक्के हा सर्वोत्तम आरंभ. एका प्रतिस्पर्ध्यासमोर ते शंभरांत सुमारे ८५ वेळा जिंकतात, चौघांसमोर ५६ वेळा आणि नऊ जणांसमोर केवळ ३१ वेळा. म्हणून जाणते खेळाडू एक्के आले की आरंभीच पैसे वाढवतात आणि गर्दी कमी करतात. मध्ये पाने उघडत जातात तसा समोरच्याचा कच्चा हात पिकत जातो. एकाच रंगाची चार पाने जमलेल्याला पाचवे मिळण्याची संधी, दोन पाने उघडायची असतील तर, शेकडा ३५ असते. असे तिघे-चौघे आत राहिले की एक्क्यांचे काही खरे नाही.

आता इथे मीही प्रथम फसले. मला वाटले, आबांनीही आरंभीच मोठी चाल करून गर्दी हटवायला हवी होती. पण विचार केल्यावर कळले की तीन पत्तीत हे लागू पडत नाही. इथे नंतर पान येतच नाही. वाटले त्या क्षणीच कोण वर, कोण खाली हे ठरून गेलेले असते. फक्त ते झाकलेले असते. मोठी चाल केली की खालचे हात उठून जातात आणि वरचे तिथेच राहतात. म्हणजे ज्यांच्याकडून पैसे मिळायचे त्यांना आपणच घालवतो आणि ज्यांना द्यायचे त्यांच्यापुढे एकटे बसतो. पोकरमधला शहाणपणा इथे उलटा पडतो. हा फरक कुठे लिहिलेला मला आढळला नाही, पण पाटीवर मांडून पाहिला तर कुणालाही पटेल.

मग अशा बळकट पण ठिसूळ हाताने खेळायचे कसे? याचे उत्तर समोरचे बघून खेळतात की न बघता, यावर आहे. न बघता खेळणाऱ्याचा हात कुठलाही असू शकतो, तो शेकडा दहाच वेळा आपल्या वर. त्याच्याविरुद्ध पैसे जरूर वाढवावेत. पण बघून जो पैसे टाकतो आहे त्याने रिकामा हात आधीच टाकून दिलेला असतो. समजा तो जोडी किंवा त्याहून वरच्या हातावरच थांबतो. असे हात ४,७६१ आणि त्यांतले आपल्या वरचे तेच १,९०८. दहाचा धोका एकदम चाळिसावर गेला! असा एक जण समोर असेल तर आपण शंभरांत ६० वेळा जिंकतो, दोघे असतील तर ३६, तिघे असतील तर साडेएकवीस.

दोघे समोर असताना तिघांचे सारखेच पैसे मध्ये पडतात, तेव्हा तीनांतून एकदा, म्हणजे ३३ वेळा जिंकले तरी बरोबरी होते. आपण ३६ वेळा जिंकतो; थोडा का होईना, नफा आहे. तिघे समोर असतील तर चारांतून एकदा, म्हणजे २५ वेळा जिंकायला हवे, आणि आपण साडेएकविसावर आहोत. राजांची जोडी दुसऱ्या आणि तिसऱ्या माणसाच्या मध्ये कुठेतरी मोडते.

त्या रात्री पाचांपैकी दोघे पाने बघून उठले. उरलेले तिघे बघून बसले. तोवर मध्ये दीड हजार जमले होते, त्यांत आबांचे पाचशे. पुढचे साडेपाच हजार आबांनी तिघे बघून पैसे टाकत असताना घातले. सगळ्यांनी शेवटपर्यंत तेवढेच घातले असे धरले तर मध्ये २३,५०० होतात. त्याचे शेकडा साडेएकवीस म्हणजे पाच हजार पन्नास. साडेपाच हजार द्यायचे आणि सरासरीने पाच हजार पन्नास मिळवायचे, असा तो सौदा होता. आबांचे पैसे संपले तेव्हा सर्वानुमते पाने उघडली. एकाकडे दश्शीची जोडी, एकाकडे राण्यांची. दोघांनाही आबांनी हरवले होते. तिसऱ्याकडे किलवरची दुर्री, सत्ती आणि नव्वी. दिसायला भिकार पाने, पण कलर.

साइड शो का मागितला नाही, असे मी आबांना विचारले. अशा हाताला तो फार उपयोगी आहे. हरलो तर स्वस्तात सुटतो आणि जिंकलो तर पंगतीतला एक कमी होतो. कलरवाला आबांच्या शेजारीच होता. आबा म्हणाले, "साइड मागितली की सगळ्यांना कळतं, ह्याचा हात मधला हाय." हेही खरे आहे. पण मला वाटते खरे कारण वेगळे होते. आमच्याकडे साइड मागणाऱ्याला भित्रा म्हणतात.

महाभारतात नळाची कथा आहे. द्यूतात राज्य घालवलेला नळ बाहुक होऊन ऋतुपर्णाचा सारथी झाला. ऋतुपर्णाने बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे नुसती पाहून मोजली, आणि पुढे ती अक्षविद्या नळाला दिली. जुगार आणि मोजणी यांचे नाते आपल्याकडे इतके जुने आहे. युरोपात पास्कल आणि फर्मा यांनी अर्धवट मोडलेल्या डावाचे पैसे कसे वाटावेत यावर पत्रे लिहिली ती १६५४ साली. ओसरीवर मात्र अजून नशीबच चालते. (पैसे लावून खेळणे कायद्याने गुन्हा आहे. महाराष्ट्राचा जुगार प्रतिबंध कायदा १८८७ सालचा आहे, आणि मोबाइलवरचे पैशांचे खेळही २०२५ साली केंद्राने बंद केले. आमच्या गल्लीत त्याने दिवाळीत फरक पडलेला नाही, हे नमूद करते.)

असो. दिवाळीच्या सुट्टीत हा कागद घेऊन मी घरी गेले. आबांना वाचता येत नाही, पण पाने येतात. तेव्हा आम्ही दोघांनी चटईवर पत्ते मांडले. दंडक मोडला, आई काही बोलली नाही. दोन राजे आणि पंजी बाजूला ठेवायची, उरलेले पिसायचे, पाच जणांना तीन-तीन पाने वाटायची आणि उघडायची. पैसे नाहीत, बाजूला नुसता चिंचोका ठेवायचा. पन्नास डाव झाले. राजे अठ्ठावीस वेळा वर राहिले. माझा कागद एकोणतीस म्हणत होता. आबा बराच वेळ चिंचोक्यांकडे बघत राहिले.

मग मी तिघांचा हिशेब सांगितला. त्यांनी तो नीट ऐकला आणि म्हणाले, "पोरी, जोडीवरच थांबतात हे तुला कुणी सांगितलं? काही जण नुसत्या एक्क्यावर बी बसतात."

मी निरुत्तर झाले. रात्री पुन्हा मोजले. एक्का वर असलेले रिकामे हातही धरले तर थांबणारे हात ८,१४४ होतात, आणि प्रत्येकाचा धोका चाळिसावरून २३ वर उतरतो. तिघांसमोर राजे मग ४५ वेळा जिंकतात. बरोबरीला २५ पुरे असताना ४५! म्हणजे एक्क्यावर बसणाऱ्या तिघांसमोर आबांचे बसणे चूक नव्हते, उलट उत्तम होते. पाने तीच, माणसांची संख्या तीच, फक्त माणसे वेगळी. कोण कशावर बसतो हे माझ्या कागदावर येऊ शकत नाही, ते तीस वर्षे त्या ओसरीवर बसलेल्यालाच ठाऊक.

सकाळी आबा गोठ्यात होते. मी नवे आकडे सांगितले आणि विचारले, "आबा, त्या रात्री शेवटी बसलेले तिघं कसे खेळणारे होते?"

त्यांनी वैरण टाकून घेतली. "दोघं एक्क्यावर बी बसणारे."

"आणि तो कलरवाला?"

"तो जोडीखाली कधीच बसत न्हाई," आबा म्हणाले. "जोडीवर बी क्वचितच. मला ठावं होतं."