ऑइल फिल्टर : कंपनीचा की बाजारचा?

बहुतेक मोटार कंपन्या ऑइल फिल्टर स्वतः बनवीत नाहीत. पुरवठादार कारखान्याकडून घेऊन आपल्या खोक्यात विकतात. तोच कारखाना अनेकदा स्वतःच्या नावानेही विकतो, बहुधा स्वस्त. तेव्हा व्यापारी बांधवांनी नामांकित कारखान्याचा, आपल्याच मॉडेलसाठी सांगितलेला फिल्टर खुशाल घ्यावा. नुसते आटे जुळले म्हणून भलताच बसवू नये. आडव्या बसणाऱ्या फिल्टरात तेल अडवणारी रबरी झडप असते. ती तकलादू निघाली तर रात्रभरात तेल खाली उतरते आणि सकाळी इंजिन काही क्षण कोरडेच खडखडते. रोज असे झिजले तर इंजिन उतरवण्याची पाळी येते.

खरी भीती नकली मालाची. ताग्यावरचा शिक्का पाहून आतले सूत कळत नाही, हे आम्हा कापडवाल्यांना ठाऊक आहे. खोके हुबेहूब, आत कागद हलका! ओळखीच्या दुकानातून, पक्क्या बिलानेच घ्यावा. बसवताना जुनी रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली नाही ना, तेवढे मिस्त्रीला पाहायला सांगावे.