ओढ जिथे, पैसा तिथे

चामडेकामाची हौस लागली की माणूस आधी हत्यारांचा संच मागवतो. तीस-चाळीस नग, फुलापानांचे ठसे, रंगाच्या चार बाटल्या आणि एक नाजूक चाकू. पाकीट, कमरपट्टा, डायरीचे वेष्टन एवढ्यावरच थांबायचे असेल तर हा संच चालून जातो. घोड्याच्या सामानाकडे वळणाऱ्याला मात्र त्यातले फारसे काही उपयोगी पडत नाही. जिनावरचे फूल बिघडले म्हणून कुणी घोड्यावरून पडत नाही. माणसे पडतात ती रिकिबीचा पट्टा तुटल्याने, तंगाचे बक्कल मोडल्याने, नाहीतर शिवण उसवल्याने.

दुरुस्तीला येणाऱ्या सामानात हेच तीन आजार पुन्हा पुन्हा दिसतात. माझ्या पाटावरही तेच येतात. सामान बरेचदा नवे आणि चकचकीत असते. तुटलेले असते ते नेमके ओढ बसते त्या जागी. असे तुकडे उलटेपालटे करून पाहिले की पैसा कुठे खर्च झाला आणि कुठे व्हायला हवा होता, हे कळायला वेळ लागत नाही.

तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. घोड्यांबरोबर साजाची दुकानेही लागतात. गोंडे, कवड्यांच्या माळा आणि आरशांच्या झुली यांच्या शेजारीच लगाम, तंग आणि जीन टांगलेले असते. वरातीच्या घोडीचा साज आणि रपेटीचे सामान एकाच दोरीवर लटकत असले, तरी त्यांची कामे वेगळी. वरातीत घोडी पावलाने चालते आणि पुढे लगाम धरलेला माणूस असतो. असाच वरातीचा जोड एका तरुणाने रोजच्या दौडीला वापरला. त्याच्या रिकिबीचा पट्टा तुटून आला तेव्हा वर रेक्झिन, खाली पातळ अस्तर आणि मधे पुठ्ठा निघाला. मऊ मातीत पडल्यामुळे तो खरचटण्यावर सुटला. विकणाऱ्याने त्याला फसवले असेही म्हणता येत नाही; वरातीसाठी तो पट्टा ठीकच होता.

म्हणून पट्टा घेताना आधी त्याची कड पाहावी. झाडाच्या सालीत कमावलेले चामडे कापल्यावर आरपार तपकिरी दिसते. क्रोमने कमावलेल्या चामड्याच्या पोटात बऱ्याचदा निळसर-राखाडी रेघ असते. क्रोमचे चामडे मऊ असते, पाण्याला टिकते, पिशव्या आणि जॅकेटांना उत्तम. पण ते ताणते आणि त्याची कड घासून घट्ट, गुळगुळीत होत नाही. ओढ घेणाऱ्या पट्ट्याला सालीत कमावलेलेच चामडे हवे. कड रंगाने जाड लिंपलेली असेल तर आत काय आहे हे दुकानदाराला विचारावे आणि समाधान झाले नाही तर पट्टा खाली ठेवावा.

साल म्हटली की आपल्याकडे कोल्हापूर आठवते. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याच्या कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण चपलेच्या तळाचे चामडे आणून त्याची रिकीब बांधायला जाऊ नये. ते कोरडे आणि कडक असते. घोड्याच्या सामानाचे चामडे सालीत कमावल्यावर त्यात तेल-चरबी मुरवतात, त्यामुळे ते वाकते पण तडकत नाही. बाजारात त्याला हार्नेस किंवा ब्राइडल लेदर म्हणतात आणि नाव घेऊनच ते मागावे लागते. कानपूर हे त्याचे जुने ठिकाण. ब्रिटिशांनी तिथे १८६० च्या दशकात फौजेसाठी हार्नेस आणि सॅडलरीचा कारखाना उभा केला, कारण कातडी आणि बाभळीची साल दोन्ही जवळ मिळत होती. आजही तिथल्या जाजमऊ भागातल्या टॅनरींमधून हे चामडे निघते आणि कानपूरच्या सॅडलरीलाही भौगोलिक मानांकन आहे.

चामडे चांगले मिळाले तरी कापताना घोटाळा होतो. कण्याच्या दोन्ही अंगांचा भाग दाट असतो, पोटाकडचा सैल. पोटाकडचा तुकडा स्वस्त मिळतो, रुंद असतो, म्हणून नवखा तोच घेतो. त्याचे दोन पट्टे काढून रिकिबी बांधल्या की महिन्याभरात एक पाय वर आणि एक खाली. पट्टे पाठीच्या भागातून, कण्याला समांतर कापायचे. जाडी काही व्यापारी औंसात सांगतात. १ औंस म्हणजे सुमारे ०.४ मिलिमीटर. कमरपट्ट्याला ८ ते १० औंस, म्हणजे ३.२ ते ४ मिलिमीटर पुरे. अमेरिकी पद्धतीच्या जिनाच्या झापांना १३ ते १५ औंसांचे, म्हणजे ५ ते ६ मिलिमीटरचे चामडे लागते. म्हशीचे चामडे जाड मिळते, पण त्याचा दाणा भरड आणि वीण सैल असते. त्यामुळे नुसत्या जाडीवर विश्वास ठेवू नये. पट्टा दोन हातांत धरून खेचावा, मग दाण्याची बाजू बाहेर ठेवून बोटाभोवती वाकवावा. बारीक भेगा उमटल्या तर तो परत करावा.

बकलाची परीक्षा याहून सोपी. जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव बक्कल वरून पितळेसारखे सोनेरी दिसते आणि हातात घेतल्यावर पक्के वाटते. ते वाकून सूचना देत नाही, एकदम तुटते. आतल्या बाजूला, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, कानशीचा एक घास मारावा. खाली राखाडी धातू दिसला तर मुलामा कळला. भरीव पितळ खोलवरही पिवळेच निघते. लोहचुंबक चिकटला तर आत लोखंड आहे हे समजते, पण जस्त आणि पितळ दोन्हींना तो चिकटत नाही, त्यामुळे चुंबकावर भिस्त ठेवून चालत नाही. तंग आणि रिकिबीला स्टेनलेस स्टीलचे किंवा भरीव पितळेचे बक्कल लावावे. शोभेच्या पदकांना जस्त चालेल.

आता शिवण. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा चामड्याच्या पोटात एकमेकांत अडकतो. एका बाजूचा दोरा घासून तुटला की शेजारचे टाके सैल पडू लागतात. हाताच्या शिवणीत एकच दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया जातात. एक टाका तुटला तरी दुसऱ्या अंगाचा दोरा धरून राहतो. यासाठी लागणारे सामान थोडके आहे: शंकरपाळ्याच्या आकाराचे पाते असलेली आरी, बोथट टोकाच्या दोन सुया, मेण लावलेला दोरा, आणि दोन्ही हात मोकळे ठेवणारा लाकडी चिमटा. जाड चामड्याला दोरा शिवणीच्या चौपट लांब घ्यावा. तो मध्येच संपला तर जोड नेमका ओढीच्या जागी येतो. शेवटी गाठ न मारता दोन-तीन टाके उलट घालावेत.

टाके किती, याबाबत हौशी माणसाची समजूत उलटी असते. बारीक टाके म्हणजे पक्की शिवण असे नव्हे. भोके फार जवळ आली की पट्टा त्याच रेषेत फाटतो. लगामाच्या बारीक कामात इंचाला ८ ते १० टाके शोभतात. जाड पट्ट्याला ६-७ बस होतात. बकलाच्या जिभेसाठी लांबट भोक पाडताना दोन्ही टोके गोल पंचाने पाडून मधला भाग कापावा. नुसत्या चाकूने चीर पाडली तर फाटण्याची सुरुवात तिथूनच होते.

हत्यारांवर खर्च करायचा तर कापणारी आणि टोचणारी हत्यारे चांगली घ्यावीत, ठोकणारी साधी चालतात. आपल्याकडचा चांभार एका रापीवर आयुष्य काढतो, कारण तो तिला दर थोड्या वेळाने दगडावर आणि चामड्यावर फिरवतो. नव्या आरीचे पाते बहुधा खरखरीत येते. ते बारीक पॉलिश पेपरवर घासून चकचकीत केले की हाताला निम्मा जोर लागतो. बोथट आरीला जोर लावताना ती निसटते आणि मागच्या तळहातात जाते. मागे बुचाचा तुकडा धरायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. ठशांवर लोखंडी हातोडा मारू नये, लाकडाची किंवा कच्च्या कातड्याची मोगरी वापरावी. सालीत कमावलेल्या ओल्या चामड्यावर उघडे लोखंड ठेवू नये, कारण सालीतले टॅनिन आणि लोह यांचा संयोग होऊन निळे-काळे डाग पडतात आणि ते सहसा जात नाहीत.

एवढे जमले की पुढची उडी थेट जिनावर घ्यावीशी वाटते. इथे थांबायला हवे. इंग्लंडमधले वॉल्सॉल हे या धंद्याचे गाव. तिथल्या फुटबॉल संघाचे टोपणनावच ‘सॅडलर्स’ आहे. त्या गावातही पिढ्यानपिढ्या कामे वाटलेली होती. रिकिबी आणि बकले करणारे वेगळे, लगाम शिवणारे वेगळे, जिनाच्या आतला सांगाडा म्हणजे ट्री करणारे आणखी वेगळे. अमेरिकेतल्या अल स्टोलमन यांनी जीन बनवण्यावर लिहिलेला कोश तीन खंडांचा आहे. हौशी माणसाने ट्री स्वतः करायला जाऊ नये. तो डावी-उजवीकडे सारखा नसला तर वरचे चामडे कितीही सुंदर असो, खालच्या घोड्याची पाठ सोलवटते.

जुने जीन विकत घेऊन ते उसवत शिकणे हा चांगला मार्ग आहे, फक्त घेण्याआधी दोन परीक्षा कराव्यात. जीन पोटाशी धरून पुढचा उंचवटा आणि मागचा उंचवटा एकमेकांकडे दाबावा. आतून कटकट आवाज आला किंवा मध्येच घडी पडली तर ट्री मोडलेला आहे. मग झापेची खालची बाजू बोटाने घासावी. तांबूस भुकटी हाताला लागली तर चामड्याचा जीव गेला आहे आणि तेलाने तो परत येत नाही. घरातल्या आजोबांच्या वेळचे जीन आणणाऱ्यांना हे सांगणे अवघड जाते. शोभेला भिंतीवर लावा, घोड्यावर नको, इतकेच म्हणता येते.

घोड्याची पाठही पाहावी. स्वार बसल्यावर जिनाची कमान आणि घोड्याच्या खांद्यांवरचा उंचवटा यांच्या मध्ये दोन-तीन बोटे जागा राहिली पाहिजे आणि जिनाचे ओझे शेवटच्या बरगडीच्या मागे जाऊ नये. जिनाखालच्या जागी पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर तिथे पूर्वी दाब बसून जखम झाली असण्याची दाट शक्यता आहे. माथेरानला, जिथे मोटारी जात नाहीत आणि घोडे दिवसभर नाना वजनांची माणसे वाहतात, तिथे पर्यटकाने स्वार होण्याआधी जीन पाठीवर कसे बसले आहे हे पाहायला आणि तंगाच्या पट्ट्याची भोके बोटाने चाचपायला अर्धा मिनिटही लागत नाही. घोडेवाले दादा त्याला हरकत घेत नाहीत. उलट पट्टा एक भोक आवळून देतात.

पावसाळ्यात सह्याद्रीच्या पट्ट्यात चामड्यावर बुरशी येते. ती कोरड्या फडक्याने पुसून सामान वाऱ्यावर टांगावे. चुलीजवळ किंवा कडक उन्हात वाळवले की चामडे आक्रसते आणि तडकते. तेल आधी साफ केलेल्या चामड्यावर, अगदी पातळ हाताने द्यावे. भरपूर तेल पाजले की पट्टा लिबलिबीत होतो आणि जास्तच ताणतो. रिकिबीचे पट्टे महिन्यातून एकदा डावी-उजवीकडे बदलावेत. स्वार डाव्या बाजूने चढतो, म्हणून डावा पट्टा आधी वाढतो.

शिकणाऱ्याने क्रम असा ठेवावा: पहिली म्होरकी, कारण ती चुकली तरी घोडा फार तर मोकळा सुटतो; मग लगामाचे पट्टे; मग जुन्या जिनाची उसवलेली शिवण; आणि तंगाचे व रिकिबीचे पट्टे सगळ्यांत शेवटी. ते पट्टे तयार झाल्यावर लगेच घोड्यावर चढवू नयेत. घराच्या पक्क्या तुळईला बांधून त्यात पाय घालावा, पूर्ण वजन टाकून चार-पाच झोके घ्यावेत, आणि खाली उतरून भोके लांबली का, बकलाजवळचे टाके हलले का, हे उजेडात नीट पाहावे. हलले असतील तर शिवण उसवून पुन्हा घालावी आणि भोके लांबली असतील तर तो पट्टा कापून त्याच्या म्होरकीच्या बारीक पट्ट्या काढाव्यात.