'आजी झोपल्यात'

आईला सांभाळायला बाई पुरवणाऱ्या ब्युरोने घरी ठेवलेल्या वहीत रोज तेच लिहिलेलं असायचं : 'पेशंट शांत. जेवण व्यवस्थित. झोप व्यवस्थित.' माझी आई पेशंट नव्हती. खुब्याचं ऑपरेशन होऊन गेलं होतं आणि वॉकर धरून ती घरभर फिरत होती. शांत तर ती जन्मात कधी नव्हती. जिल्हा परिषदेच्या शाळेत, आधी पाथर्डी तालुक्यात आणि मग नगर तालुक्यात, तिने नोकरी केली. चितळे रोडला भाजी आणायला गेली की जुने विद्यार्थी भेटायचे आणि पिशवी रिकामी ठेवून तासभर बोलणं व्हायचं. असं माणूस रोज 'शांत' कसं असेल, हा प्रश्न ब्युरोच्या लोकांना पडला नाही. महिन्याचे पैसे मात्र एक तारखेला बरोबर मागितले जायचे.

नातेवाइकांनी मला पुष्कळ ऐकवलं. आईला पगारी बाईच्या हवाली केलं, पुण्याला घेऊन का जात नाही, वगैरे. त्यांना मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगते, आईला सावेडीतल्या तिच्या घरात ठेवलं हेच बरोबर होतं. पुण्यात सातव्या मजल्यावर तिला ओळखणारं कोण होतं? इथे समोर तिच्याच शाळेतल्या बाई राहतात, कोपऱ्यावरचा दुकानदार तिचा विद्यार्थी आहे, ज्येष्ठ नागरिक संघ आहे, हरिपाठाच्या बायका आहेत. माणूस आपल्या घरात राहिला तर ही सगळी माणसं त्याच्याजवळ राहतात. घरी येणारी मदत हवी ती त्यासाठीच.

आणि ब्युरोने नेमकं तेच तोडलं.

एका शनिवारी दुपारी मी फोन न करता नगरला गेले. फाटकातच समोरच्या बाई भेटल्या. "बरं आहे का आता त्यांना? तुम्ही कुणाला भेटू देऊ नका म्हणालात, म्हणून मी येत नाही हो." मी असं कधी म्हटलंच नव्हतं. बाई सांगत होत्या, दोन-तीनदा येऊन गेल्या, दरवेळी ब्युरोच्या मावशी दार अर्धवट उघडून म्हणायच्या, "आजी झोपल्यात." हरिपाठाच्या बायकांनाही तेच, संघाच्या लोकांनाही तेच. मी पुण्याहून फोन केला तरी तेच. लोकांना वाटलं घरच्यांना आवडत नसेल. आणि आईला वाटलं, लोक आपल्याला विसरले.

आत गेले तर आई टक्क जागी, खुर्चीत बसलेली. समोर टीव्हीवर मावशींची मालिका. मी "आई" म्हणून हाक मारली, तिने मान वळवली नाही. पुन्हा मारली. मग लक्षात आलं, कानात मशीनच नाही. कपाटाच्या खणात, रुमालात गुंडाळलेलं सापडलं, बॅटरी संपलेली. मावशी म्हणाल्या, "सारखी शिट्टी वाजते हो ताई, म्हणून काढून ठेवलं." किती दिवस झाले, हे त्यांनाही सांगता येईना. मी आईच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा ती दचकली.

ब्युरोच्या माणसाला फोन लावला. त्याचं उत्तर मी विसरणार नाही. "ताई, आंघोळ, गोळ्या, जेवण, मालिश, एवढंच पॅकेजमध्ये येतं. गप्पा मारायला माणूस पाहिजे असेल तर तसं सांगायचं होतं. आणि बाहेरचं कुणी आत घ्यायचं नाही ही आमचीच सूचना असते. उद्या काही चोरीला गेलं तर आळ आमच्या बाईवर." म्हणजे चोरीच्या भीतीने त्यांनी माझ्या आईचे शेजारी बंद केले. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी माणूस घरी बोलावून त्यांनी बोटाचा ठसा घेतला आणि वर उपकार केल्यासारखं सांगितलं. एरवी या दाखल्यासाठी बँकेच्या बाकावर दरवर्षी सगळे निवृत्त शिक्षक एकमेकांना भेटतात, आई त्यासाठी आदल्या दिवशी साडी काढून ठेवायची, हे त्यांना विचारावंसंही वाटलं नाही.

मावशींना मी फारसा दोष देत नाही. चोवीस तासांची ड्यूटी, सुट्टी नाही, माझ्याकडून घेतलेल्या पैशांतला मोठा वाटा ब्युरोचा. त्यातून दर थोड्या दिवसांनी बाई बदलायची. घरच्यांशी लळा लागला की ती परस्पर कामाला राहील ही ब्युरोला भीती. आईला नाव पाठ होईपर्यंत नवीन चेहरा दारात.

आता ज्यांना माणूस ठेवायचाय त्यांच्यासाठी. पहिल्याच दिवशी दारावर यादी लावा : हे लोक कधीही आले तरी आत घ्यायचं. तीच यादी समोरच्यांच्या हातात द्या, त्यांना स्वतः जाऊन सांगा. बाई बदलणार नाही हे लिहून घ्या. कामाच्या यादीत 'संध्याकाळी हरिपाठाला नेणे', 'भाजीला सोबत नेणे' हे आंघोळीच्या शेजारी लिहा. लिहिलेलं नसेल तर ते काम धरलंच जात नाही.

कानाचं मशीन स्वतः शिका. आईच्या मशीनला १३ नंबरची, केशरी पट्टीची बॅटरी लागते. पट्टी काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्यायची, मग बसवायची. रात्री झाकण उघडं ठेवायचं. शिट्टी वाजली तर मशीन काढून ठेवायचं नाही, नीट बसलंय का आणि कानात मळ आहे का ते दाखवून घ्यायचं. ही बारीकसारीक गोष्ट नाही. लॅन्सेटच्या आयोगाने २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाच्या ज्या १४ टाळण्याजोग्या जोखमी दिल्यात, त्यांत ऐकू न येणं आहे आणि एकटं पडणंही आहे. आमच्या घरात दोन्ही एकाच खणात बंद करून ठेवली होती.

कॅमेऱ्यावर विसंबू नका. भावाने परदेशातून लावलेल्या कॅमेऱ्यात आई स्वच्छ, केस विंचरलेली दिसायची. तो मला म्हणायचा, सगळं छान चाललंय.

माणूस शक्यतो जवळपासचा बघा. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्याचं काम उभं केलं, ते टिकलं कारण त्या बायका गावाला ओळखत होत्या. आता आईकडे येणाऱ्या ताई केडगावच्या आहेत. आईच्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना त्या आधीपासून ओळखतात, त्यामुळे दिवसभर बोलायला विषय असतो. यंदाच्या नोव्हेंबरात त्यांनी आईला रिक्षाने बँकेत नेलं. आई दुपारी जेवायला घरी आली नाही, तिकडेच कुणाकडे तरी जेवली.

बाकी नेहमीचं : आधारकार्डाची प्रत घ्या, पोलिसांकडे नोंद करा, औषधांची यादी भिंतीवर लावा, अधूनमधून न सांगता जा. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत क्रमांक आहे, तो आई-वडिलांच्या फोनमध्येच साठवून द्या, तुमच्या नव्हे. सेवेत फसवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आणि अनामत रक्कम देऊ नका. द्यावीच लागली तर किती दिवसांत परत मिळणार हे पावतीवर लिहून, सही-शिक्क्यासह घ्या. माझी अजून मिळालेली नाही. फोन केला की सांगतात, साहेब मीटिंगमध्ये आहेत.